ॲडव्हेंचर मोटारसायकलचे टायर व सुधारणा

ॲडव्हेंचर मोटारसायकल हा डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवरून लांबचा प्रवास करता यावा यासाठी बांधलेला मोटारसायकलचा प्रकार आहे. उंच बांधणी, लांब चाल असलेले सस्पेन्शन, मोठ्या व्यासाचे पुढचे चाक आणि सामान लादण्याची सोय ही त्याची ठळक लक्षणे होत. अशी मोटारसायकल घेतल्यावर मालक तिच्यात जे बदल करतात, त्यांपैकी टायरची निवड हा सर्वांत परिणामकारक बदल मानला जातो. वाहनाचे वजन, ब्रेकचा जोर आणि वळणावरचा तोल हे सर्व दोन तळहातांएवढ्या रबरावरूनच जमिनीपर्यंत पोहोचते. बॅश प्लेट, हँडगार्ड, सस्पेन्शन, सामानाच्या पेट्या इत्यादी अन्य सुधारणांचे स्थान त्यानंतरचे आहे.

पार्श्वभूमी

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः बीएमडब्ल्यू कंपनीच्या आर ८० जी/एस या १९८० सालच्या मॉडेलपासून धरला जातो. नावातील दोन अक्षरे ‘रानवाट’ आणि ‘रस्ता’ या अर्थाच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. त्याच सुमारास पॅरिस–डाकार शर्यत लोकप्रिय होत होती. १९७९ मधील पहिली शर्यत सिरिल नव्हो याने यामाहा एक्सटी ५०० वर जिंकली, तर १९८१ मध्ये उबेर ओरिओल याने बीएमडब्ल्यूवर मोटारसायकल गटात विजय मिळवला. यामाहाची टेनेरे (१९८३) आणि होंडाची आफ्रिका ट्विन (१९८८) या मोटारसायकली या शर्यतीच्या प्रभावातूनच बाजारात आल्या. वाळवंटातील शर्यतीची प्रतिमा या वाहनांना तेव्हापासून चिकटली, आणि टायरच्या निवडीत होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळही याच प्रतिमेत आहे.

भारतात रॉयल एनफील्ड हिमालयन (२०१६, ४११ घनसेंमी), बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस (२०१८), हीरो एक्सपल्स २०० (२०१९) आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचर (२०२०) या मोटारसायकलींमुळे हा प्रकार मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आला. यांपैकी केटीएमचे उत्पादन पुण्याजवळील चाकण येथे बजाजच्या कारखान्यात होते. २०२३ अखेरीस हिमालयनची ४५२ घनसेंमीची नवी आवृत्ती आली. हिमालयनला मुंबईत मुख्यालय असलेल्या सीएट कंपनीचे टायर मूळ टायर म्हणून बसवले गेले आहेत.

टायरवरील आकडे

टायरच्या बाजूवर छापलेला मजकूर वाचता येणे ही निवडीची पहिली पायरी होय. जुन्या हिमालयनच्या पुढच्या टायरचे माप ९०/९०-२१ आहे. यातील पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती ते दर्शवतो (येथे ८१ मिमी) आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत देतो. शेवटच्या आकड्याआधी ‘आर’ हे अक्षर असल्यास टायर रेडियल बांधणीचा असतो.

मापानंतर भारांक व वेगाक्षर येते. भारांक ५४ म्हणजे २१२ किलो, ५७ म्हणजे २३० किलो, ६६ म्हणजे ३०० किलो आणि ६९ म्हणजे ३२५ किलो. ‘क्यू’ अक्षर ताशी १६० किमीपर्यंतची, ‘टी’ १९० किमीपर्यंतची आणि ‘एच’ २१० किमीपर्यंतची क्षमता दर्शवते. खरेदी करताना नक्षीकडे जितके लक्ष जाते तितके भारांकाकडे जात नाही, आणि धोका नेमका तेथेच असतो. समजा, १९६ किलोच्या मोटारसायकलवर ७५ किलोचा चालक, ६५ किलोचा सहप्रवासी आणि ४० किलो सामान आहे. एकूण भार ३७६ किलो होतो आणि त्यातील साठ टक्के मागच्या चाकावर आला, तर तो सुमारे २२६ किलो भरतो. ५७ भारांकाच्या टायरची मर्यादा यातच जवळपास संपते. त्यात हवा कमी असेल तर ती ओलांडली जाते, कारण भारांकाची क्षमता टायर निर्दिष्ट दाबाने भरलेला आहे असे गृहीत धरून ठरवलेली असते. अतिभारित टायर आतून तापतो व त्याचे थर सुटू लागतात. बाहेरून मात्र तो बराच काळ ठणठणीत दिसतो.

टायर केव्हा तयार झाला हे ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळते. उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मागणी कमी असलेल्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि रबर न वापरताही कडक होत जाते. त्यामुळे सवलतीत मिळणाऱ्या टायरवरचे हे आकडे विकत घेण्यापूर्वी पाहणे आवश्यक ठरते.

रस्ता व कच्ची वाट यांचे प्रमाण

उत्पादक आपल्या टायरचे वर्णन ९०/१०, ८०/२० किंवा ५०/५० अशा जोडआकड्यांनी करतात. पहिला आकडा डांबरी रस्त्यावरच्या आणि दुसरा कच्च्या वाटेवरच्या अपेक्षित वापराचा असतो. यासाठी कोणतेही प्रमाणित मोजमाप नाही. एका कंपनीचा ५०/५० टायर दुसऱ्या कंपनीच्या ७०/३० टायरसारखा वागू शकतो. मेट्झेलर टूरान्स हा रस्त्याकडे झुकणारा, मिटास ई-०७ मधल्या पट्ट्यातला आणि कॉन्टिनेन्टल टीकेसी ८० कच्च्या वाटेकडे झुकणारा टायर म्हणून ओळखला जातो.

या टायरांमधील फरक मुख्यतः ठोकळे आणि खाचा यांच्या प्रमाणाचा असतो. सुटे, उंच ठोकळे मऊ जमिनीत रुततात आणि चाकाला रेटा देतात. डांबरावर मात्र हेच ठोकळे भाराखाली वाकतात, तापतात आणि कडेने झिजतात. जमिनीला टेकणारे रबर कमी असल्याने ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढते. सह्याद्रीतील ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोली घाटात पावसाळ्यात डांबरावर मातीचा पातळ थर वाहून येतो. अशा वळणावर ठोकळेदार टायरपेक्षा मऊ रबराचा, दाट नक्षीचा टायर अधिक भरवशाचा असतो. टायर जितका रांगडा तितका सुरक्षित, हा समज येथे उलटा पडतो.

कच्ची जमीनही सर्वत्र सारखी नसते. लडाखमधील खडी व मोठे दगड यांवर टायरची नक्षी दुय्यम ठरते. तेथे बाजूच्या भिंतीची मजबुती आणि पुढच्या चाकाचा व्यास यांना महत्त्व येते. २१ इंची चाक अडथळ्यावर कमी कोनात चढते, म्हणून ते १९ इंची चाकापेक्षा दगडावरून सहज जाते. मात्र रस्त्यावर ते वळायला किंचित आळशी वाटते. वाळूत पुढचा टायर अरुंद व खोल खाचांचा असल्यास दिशा टिकते. दख्खनच्या पठारावरील काळी माती हा याहून वेगळाच प्रश्न आहे. पाऊस पडल्यावर ती खाचांत इतकी घट्ट भरते की टीकेसी ८० सारखा टायरही काही मीटरांतच गुळगुळीत होतो. पुढे ती चाक आणि खालच्या मडगार्डच्या मधे साचते व चाकच अडकते. यावर टायर बदलणे हा उपाय नसून पुढचे मडगार्ड उंच असणे हा आहे.

निवडीचा निर्णायक निकष प्रवासाचा खरा हिशेब हा होय. पुण्याहून लेहला निघालेला प्रवासी मनालीपर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर जवळजवळ सर्वस्वी डांबरावरून जातो. मनाली–लेह मार्गाचा बराच भागही आता पक्का झाला असून, २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा चढ टळतो. खऱ्या अर्थाने खडबडीत भाग एकूण अंतराचा लहानसा हिस्सा असतो. असा प्रवासी घरूनच ठोकळेदार टायर बसवून निघाला, तर मागच्या टायरचे ठोकळे ज्या वाटेसाठी ते घेतले तेथे पोहोचण्याआधीच सपाट होऊ लागतात. परतीचा प्रवास झिजलेल्या टायरवर करावा लागतो तो वेगळाच. काही अनुभवी चालक पुढे ५०/५० व मागे ८०/२० अशी जोडी वापरतात. पुढचे चाक घसरले तर सावरणे कठीण असते, मागचे घसरल्यास ते बहुधा सावरता येते, हे त्यामागचे कारण आहे. पुढचा टायर सावकाश झिजत असल्याने ही जोडी खर्चालाही परवडते.

मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवण्याची प्रथा भारतात मोठ्या प्रमाणावर आढळते. रिम मूळ टायरच्या रुंदीला जुळलेले असते. त्यावर अधिक रुंद टायर चढवल्यास त्याच्या कडा आवळल्या जातात आणि पृष्ठभाग अधिक गोल होतो. परिणामी सरळ धावताना जमिनीला टेकणारे रबर वाढतेच असे नाही. शिवाय चेन किंवा स्विंगआर्मला टायर घासण्याची शक्यता निर्माण होते आणि व्यास बदलल्याने एबीएसच्या गणितात फरक पडू शकतो.

ट्यूब, आरे व रिम

साध्या आऱ्यांच्या चाकात आरे रिमला छिद्रे पाडून बसवलेले असतात आणि त्या छिद्रांतून हवा सुटत असल्यामुळे ट्यूब लागते. मिश्रधातूच्या ओतीव चाकात ट्यूब लागत नाही, पण दगडावर आपटल्यास ते चाक तडकू शकते. आऱ्यांचे चाक वाकते व बहुधा ठोकून सरळ करता येते. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएस मॉडेलमध्ये आरे रिमच्या बाहेरील कडांना जोडून ट्यूबविरहित आऱ्यांचे चाक आणले. हिमालयन ४५० साठीही असे चाक पर्याय म्हणून मिळते.

ट्यूबविरहित टायरचे पंक्चर चाक न काढता पट्टी घालून दहा-पंधरा मिनिटांत काढता येते. ट्यूब असलेल्या टायरसाठी चाक उतरवणे, लिव्हरने टायर रिमवरून सोडवणे, ट्यूबला पॅच लावणे वा ती बदलणे हा सर्व खटाटोप करावा लागतो. सरचू ते पांग यांसारख्या निर्मनुष्य टप्प्यात हे काम स्वतःला येत नसेल, तर महागडा टायरही निरुपयोगी ठरतो. त्यामुळे दोन लिव्हर, सुटी ट्यूब व हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर यांची गणना सुधारणांच्या यादीत सर्वांत वर करावी लागेल.

हवेचा दाब

कच्च्या वाटेवर दाब कमी केल्यास टायर पसरतो, दगडावर उसळी कमी घेतो आणि पकड वाढते. मोठ्या मोटारसायकलींसाठी साधारण २२ ते २५ पीएसआय हा पल्ला सांगितला जातो. वाळूत तो याहूनही खाली आणला जातो. ट्यूब असलेल्या चाकात फार कमी दाबाला दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटून फाटते. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे.

उंचीवर जाताना टायरमधील हवा काढावी, असा सल्ला वारंवार दिला जातो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो, तर सुमारे ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला येथे तो सुमारे ७.५ इतकाच उरतो. मुंबईत ३० अंश सेल्सियसला ३० पीएसआय हवा भरलेला टायर त्याच तापमानात तेथे नेल्यास दाबमापक सुमारे ३७ दाखवील. परंतु खिंडीत तापमान शून्याच्या आसपास असल्यास थंडीने आकुंचन पावलेल्या हवेमुळे तोच आकडा ३३ च्या जवळपास राहतो. म्हणजे केवळ उंचीसाठी हवा सोडण्याचे कारण सहसा उरत नाही. सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना दाब मोजणे पुरेसे असते.

अन्य सुधारणा

इंजिनाच्या तळाला दगडापासून वाचवणारी धातूची बॅश प्लेट आणि क्लच-ब्रेकच्या दांड्या सांभाळणारे हँडगार्ड हे कमी खर्चाचे व खरोखर उपयोगी बदल आहेत. उभे राहून चालवणाऱ्यासाठी रुंद फूटपेग व योग्य उंचीचे हँडल थकवा कमी करतात.

सस्पेन्शनच्या बाबतीत नवे भाग घेण्यापूर्वी असलेल्या भागांची जुळणी तपासणे हिताचे असते. चालक सामानासह बसल्यावर सस्पेन्शन एकूण चालीच्या सुमारे तीस टक्के दबावे, असा संकेत आहे. २०० मिमी चाल असल्यास ते ६० मिमी होतात. याहून फार अधिक दबत असल्यास स्प्रिंगचा प्रीलोड वाढवावा. तेवढ्याने भागले नाही तर कडक स्प्रिंग घ्यावी लागते.

बहुतेक सुधारणांची छुपी किंमत वजनात मोजावी लागते. लोखंडी क्रॅशगार्ड, पेट्या व त्यांची चौकट, जादा दिवे आणि इंधनाचे डबे मिळून तीस-चाळीस किलोंची भर सहज पडते. ही भर प्रामुख्याने उंचावर आणि मागच्या बाजूला असते, त्यामुळे पुढचे चाक हलके पडते व चिखलात दिशा सोडते. म्हणूनच कच्च्या वाटेवर धातूच्या पेट्यांऐवजी कापडी खोगीरपिशव्यांकडे कल वाढला आहे. पडल्यावर त्या पायाला इजा करत नाहीत, हा त्यांचा आणखी एक गुण आहे.

कायदेशीर बाजू

भारतीय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मूळ मापाचा व पुरेशा भारांकाचा टायर बदलणे यात मोडत नाही. दुचाकीच्या टायरवर भारतीय मानक आयएस १५६२७ नुसार आयएसआय चिन्ह असावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिमीपेक्षा कमी झाल्यास तो वापरता येत नाही. सामानाची चौकट बसवताना पुष्कळदा काढून टाकले जाणारे साडी गार्डही नियम १२३ खाली बंधनकारक आहे. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण, सहप्रवाशासाठी पकडण्याची मूठ आणि पाय ठेवण्याची सोय या तिन्ही गोष्टींची तरतूद या नियमात आहे.