राक्षस मेल्यानंतरची गोष्ट

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट अंगठ्याखाली चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो, आणि नरकासुर मेला असे समजून फराळाला बसतो. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. राक्षस दरसाल मरतो याचे कुणाला नवल वाटत नाही. परंतु पुराणकथा वधापाशी थांबत नाही, ही गोष्ट मात्र आपण बहुधा विसरतो. त्याच्या बंदिवासातल्या सोळा हजारांवर स्त्रियांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहतोच, आणि श्रीकृष्णाला त्याचे उत्तर द्यावे लागते. राक्षसाला मारणे ही निम्मी कथा. सुटलेल्यांना जगात जागा मिळणे ही उरलेली निम्मी.

ही दुसरी निम्मी कथा सांगायला पाश्चात्त्य भयकथेच्या एका शाखेला किती वर्षे लागली, याचा इतिहास मला मोठा उद्बोधक वाटतो. या शाखेला तिकडे ‘स्लॅशर’ म्हणतात. मुखवटा घातलेला, सुरा किंवा कोयता घेतलेला एक खुनी. एखादे लहानसे गाव. एकामागून एक पडणारी तरुण मुले. आणि अखेरीस जिवंत उरणारी एक मुलगी, असा तिचा ठरलेला साचा. सणासुदीला असला रक्तपात कशाला, असे एखादी आजी विचारील. पण भुताखेतांवाचून आपला दिवाळी अंक तरी कधी पुरा झाला आहे?

खुन्याला मरू न देण्याची खोड मात्र स्लॅशरपेक्षा फार जुनी आहे. लंडनमध्ये 1845 ते 1847 या काळात ‘व्हार्नी द व्हँपायर’ नावाची रक्तपिपासूची कथा एकेका पेनीच्या पत्रिकांतून क्रमशः निघत होती. प्रकाशक एडवर्ड लॉइड. लेखक म्हणून सामान्यतः जेम्स माल्कम रायमर याचे नाव घेतले जाते. प्रकरणे दोनशेहून अधिक! व्हार्नीला लोक मारीत, आणि चंद्रप्रकाश अंगावर पडताच तो पुन्हा उठे. तो उठला नाही तर पुढची पेनी यायची कुठून? शेवटी कंटाळून त्याने आपण होऊन व्हेसुव्हियसच्या ज्वालामुखीत उडी घेतली, तेव्हा कुठे वाचकांची सुटका झाली. त्याच्या तावडीतून वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला त्या पत्रिकांना सवड नव्हती.

हाच धंदा पुढे सिनेमाने उचलला. रॉबर्ट ब्लॉकच्या 1959 च्या कादंबरीवरून हिचकॉकने 1960 साली ‘सायको’ काढला, तिथे या साच्याची बीजे सापडतात. 1978 च्या ‘हॅलोविन’ने तो पक्का केला, आणि 1980 च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने त्याचा कारखाना झाला. त्या कारखान्याची एक गंमत ऐकण्यासारखी आहे. 1984 साली चौथा भाग आला. त्याचे नावच होते ‘द फायनल चॅप्टर’, म्हणजे अखेरचा अध्याय. त्यात जेसन हा खुनी मेला. 1985 साली पाचवा भाग हजर, नाव ‘नवी सुरुवात’! आणि 1986 साली वीज पडली व स्वतः जेसनच थडग्यातून उठून बसला. व्हार्नीला चंद्र, जेसनला वीज. तिकीटविक्रीचे देव तेवढे तेच.

इथवर हसण्याजोगे आहे. यापुढचे हसण्याजोगे नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या पहिल्या भागात अॅलिस नावाची मुलगी सगळ्या संकटांतून वाचते, 1981 च्या दुसऱ्या भागात आरंभीच तिचा बळी जातो. ‘हॅलोविन’मधली लॉरी 1998 च्या चित्रपटात खुन्याचे मुंडके उडवते, 2002 साली कळते की मेला तो भलताच माणूस, आणि त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला लॉरी मारली जाते. खुन्याला पुनर्जन्म आणि वाचलेलीला मृत्यू, असा हा उफराटा न्याय. कॅरल क्लोव्हर या विदुषीने 1987 च्या एका निबंधात या उरणाऱ्या मुलीला ‘फायनल गर्ल’, म्हणजे शेवटची मुलगी, असे नाव दिले. नाव मिळाले; जगात जागा मात्र मिळाली नव्हती.

ती जागा देण्याचा एक मनःपूर्वक प्रयत्न स्टीफन ग्रॅहम जोन्स या लेखकाने तीन कादंबऱ्यांत केला आहे. जोन्सचा जन्म 1972 चा, टेक्सासमधला. तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ब्लॅकफीट जमातीचा. कोलोरॅडो विद्यापीठात प्राध्यापक आहे. ‘माय हार्ट इज अ चेनसॉ’ (2021), ‘डोन्ट फिअर द रीपर’ (2023) आणि ‘द एंजल ऑफ इंडियन लेक’ (2024) अशी ही मालिका. पहिल्या पुस्तकाला भयकथांसाठीचा ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला. पण मला बोलायचे आहे ते शेवटच्या पुस्तकाविषयी. आणि त्यासाठी आधीच्या दोहोंची थोडी ओळख हवी.

आयडाहो राज्यातले प्रूफरॉक हे काल्पनिक गाव. शेजारी धरणामुळे झालेले तळे, आणि तळ्याच्या तळाशी बुडालेले जुने गाव. पलीकडच्या काठावर धनिकांचे बंगले उठू लागलेले. तळ्यात एका लहान मुलीचे भूत आहे अशी वदंता. या गावात जेड डॅनियल्स ही सतरा वर्षांची पोरगी राहते. बाप इंडियन, घर मोडकळीला आलेले, मैत्रीण एकही नाही. तिचा सोबती म्हणजे स्लॅशर चित्रपट. एकूण एक तिला तोंडपाठ. शाळेत गुण कमी पडतात, तेव्हा इतिहासाच्या होम्स सरांना ती वरच्या गुणांसाठी निबंध लिहून देते, आणि विषय? स्लॅशरचा इतिहास! गावात खून पडू लागतात तेव्हा ती ओळखते की गोष्ट सुरू झाली. शेवटची मुलगी कोण, हेही ती ठरवून टाकते: नव्याने आलेली, श्रीमंत, गुणी लेथा. आपण स्वतः ती असू शकू, हे जेडच्या मनाला शिवतच नाही. कारण तिला पहिला धोका तळ्यातल्या भुताकडून नव्हता, स्वतःच्या घरातून होता. आणि अशी मुलगी नायिका होऊ शकत नाही, असे तिला कुणी न सांगता कळलेले असते.

दुसरे पुस्तक 2019 च्या डिसेंबरात घडते. तुरुंगातून सुटून जेड परत येते, आणि त्याच हिमवादळात डार्क मिल साउथ हा खुनीही निसटतो. आपण 38 डकोटांचा सूड घेतो आहोत, असे तो म्हणे. खुनी कल्पित आहे, पण ते 38 खरे होते. 1862 च्या युद्धानंतर लष्करी न्यायासनाने तीनशेहून अधिक डकोटांना मृत्युदंड फर्मावला. अध्यक्ष लिंकनने यादी कमी केली. आणि 26 डिसेंबर 1862 रोजी मिनेसोटातील मॅन्काटो येथे 38 जणांना एकाच वेळी फासावर चढवले. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामुदायिक फाशी. भूत म्हणजे न सांगितलेला इतिहास, हे जोन्स असे व्याख्यान न देता दाखवतो. या पुस्तकाअखेर मैत्रिणीचे घर वाचावे म्हणून जेड दोष आपल्या अंगावर घेते आणि पुन्हा गजाआड जाते.

आता शेवटचे पुस्तक. आणखी चार वर्षे लोटली आहेत. जेड गावात परतली आहे, आणि काय करते? शाळेत इतिहास शिकवते! ज्या विषयाच्या सरांना ती गुणांसाठी निबंध देत होती, तोच विषय आता तिच्या हाती. तळे, शाप, खुनी सारे पुन्हा जमतात; ते कसे निस्तरते हे मी सांगणार नाही, कारण वाचकाचा घास हिसकावण्याचे पाप मला नको. पण समाधान कशात आहे ते सांगतो.

पहिली दोन पुस्तके मुख्यतः ‘जेड अशी, जेड तशी’ अशा तृतीय पुरुषात आहेत. तिसरे जेड स्वतः सांगते: ‘मी’. पहिल्या पुस्तकात प्रकरणांच्या मधून तिचे निबंध येत होते. तिसऱ्यात त्या जागी तिच्यावर पाळत ठेवणाऱ्या खाजगी हेरांचे अहवाल आहेत. म्हणजे कागदोपत्री तिचे आयुष्य दुसरेच कुणी लिहीत आहे: केव्हा बाहेर पडली, कुठे गेली, कोणता नियम मोडला. आणि त्या कागदांच्या मधून तिचा आवाज उठतो, भित्रा, विनोदी, हट्टी. सरकारी दप्तरात जी आरोपी आहे तीच आपल्या गोष्टीची कथेकरीण आहे. खुन्याचा वध कुणीही लिहील. दीडशेहून अधिक वर्षे लोक तोच लिहीत आले. जी वाचली तिला आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगता येणे, आणि पुढच्या पोरांना शिकवता येणे, हा या मालिकेचा खरा शेवट. तो पटतो, कारण पहिल्या निबंधापासूनच त्याची तयारी झालेली असते.

पुस्तके रक्ताने माखलेली आहेत, तेव्हा घरातल्या लहानांच्या हाती देऊ नयेत. मोठ्यांनी मात्र वाचावीत, आणि क्रमानेच वाचावीत. पहिल्या पुस्तकात शेवटच्या बाकावर बसून निबंध लिहिणारी पोरगी ज्याने पाहिली नाही, त्याला तिसऱ्या पुस्तकात तिने वर्गात पाऊल टाकताच आपले डोळे का पाणावतात, हे कळणार नाही.