नाण्यावरचे नाव आणि नाण्यामागचे राज्य

एखाद्या प्रदेशावर राज्य कोणाचे, हे ओळखण्याची मध्ययुगीन कसोटी अशी होती, की खुतबा कोणाच्या नावाने वाचला जातो आणि नाण्यावर छाप कोणाच्या नावाची पडते ते पाहावे. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याला ही कसोटी लावली तर निष्कर्ष मोठा चमत्कारिक निघतो. १७५७ मध्ये प्लासी झाली, १८०३ मध्ये दिल्ली गेली, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आणि तरीही १८३५ पर्यंत कंपनी सरकारच्या टाकसाळीतून जे रुपये पडत होते, त्यांतील बहुतेकांवर नाव होते बादशहा शाह आलमचे, जो १८०६ मध्येच मरण पावला होता. मेलेल्या बादशहाच्या नावाने जिवंत कंपनी कारभार चालवीत होती.

जुनी नाणी जमविणे हा अनेकांना निरुपद्रवी छंद वाटतो. मला मात्र नाणे हे प्रशासनाचे अस्सल दफ्तर वाटते. कागदावरच्या आदेशात सरकारला काय वाटत होते ते कळते. नाण्यावरून लोकांनी काय मान्य केले तेही कळते. महाराष्ट्राबाहेर किंवा देशाबाहेर राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांकडे आजीच्या पेटीतून आलेले चार-दोन राणीछाप रुपये असतात. ते वाचावेत कसे, आणि त्यांचे करावे काय, यासाठी हा लेखनप्रपंच.

इंग्रजांनी आपल्या राजाचे नाव घालून पाहिले नव्हते असे नाही. मुंबईत टाकसाळ सुरू झाल्यावर १६७७ साली दुसऱ्या चार्ल्सच्या अधिकाराने ‘रुपी ऑफ बॉम्बेम’ असे इंग्रजीत कोरलेला रुपया पाडला गेला. बेटाच्या खाडीपलीकडे त्याला विचारतो कोण? पुढे विल्यम आणि मेरी यांच्या नावाने फारसी अक्षरांत रुपये पाडले, तेव्हा मोगल दरबाराला ती आगळीक वाटली. खाफी खानाने त्याविषयीची नाराजी नोंदवून ठेवली आहे. अखेरीस कंपनीने व्यापाऱ्याचा शहाणपणा दाखविला आणि १७१७ च्या सुमारास फर्रुखसियर बादशहाकडून त्याच्याच नावाने मुंबईत रुपये पाडण्याचा परवाना मिळविला. मान गेला, पण रुपया चालू लागला.

दिल्लीतील उदाहरण आम्हा येथे राहणाऱ्या मराठी माणसांना जरा अधिक टोचणारे आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्व तीरावर पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि लाल किल्ल्यातील वृद्ध, अंध शाह आलम शिंद्यांच्या संरक्षणातून कंपनीच्या ‘संरक्षणात’ गेला. त्यानंतर शाहजहानाबादच्या टाकसाळीत बादशहाच्या नावाची काही नाणी पाडली गेली. मजकूर पूर्वीसारखाच, सगळा फारसी. फक्त कडेने एक नाजूक वेलबुट्टी आली. ती वेल नीट पाहिली तर तिच्यात गुलाब, शॅमरॉकची तीन पाने आणि थिसल ही फुले दिसतात, म्हणजे इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंड यांची चिन्हे. बादशहाच्या नावाभोवती ब्रिटनचे कुंपण! सत्तांतराचे एवढे अचूक चित्र एखाद्या तहनाम्यातही सापडणार नाही. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे आणि त्याच नोएडात १९८८ पासून भारत सरकारची टाकसाळ चालते. तिच्या नाण्यांवर सालाखाली छोटा गोल ठिपका असतो. आपल्या खिशातली नाणी काढून पाहावीत.

पुण्याची कथा याहून बोलकी आहे. पेशवाईत पुण्याच्या टाकसाळीत पडणाऱ्या रुपयावर हत्तीच्या अंकुशाचे चिन्ह असे. म्हणून तो अंकुशी रुपया. त्यावरही नाव मोगल बादशहाचेच, कारण मराठी सत्तेनेही तो व्यवहार स्वीकारलेला होता. छत्रपतींनी राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई देवनागरीत पाडली, ते सार्वभौमत्वाचे उघड विधान होते. पेशव्यांच्या काळातील चांदीचा रुपया मात्र बाजाराच्या सवयीने चालला. १८१८ मध्ये पुणे इंग्रजांच्या ताब्यात आले. आता तरी छाप बदलावी? नाही. पुढची सुमारे पंधरा वर्षे कंपनीने पुण्यात अंकुशी रुपयाच पाडला. नाव बादशहाचे, चिन्ह पेशव्यांचे, खजिना इंग्रजांचा. अशा नाण्यावर फसली सन आढळतो. आकडे फारसी असतात, पण ते शिकायला एक संध्याकाळ पुरते. दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. १२३० वाचता आले की समजावे, हा रुपया १८२०-२१ चा, म्हणजे शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागल्यानंतरचा आहे. ‘पेशवेकालीन’ म्हणून अभिमानाने जपलेले अनेक अंकुशी रुपये प्रत्यक्षात एल्फिन्स्टन आणि त्याच्या उत्तराधिकाऱ्यांच्या काळातले असतात. त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. माझ्या दृष्टीने वाढते.

नव्या राज्यकर्त्याने असे का करावे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उत्तर सोपे आहे. सारा वसूल करायचा आणि शिपायांचा पगार द्यायचा, तर रयत आणि सराफ दोघांनीही नाणे हातात घेतले पाहिजे. त्या काळी नाण्याची किंमत त्यावर लिहिलेली नसे, ती पारखली जाई. गावोगावी नाणे पारखणारा पोतदार होता. आज ते आडनाव उरले आहे. परगण्यापरगण्यात वेगळा रुपया आणि एकाच्या बदल्यात दुसरा घेताना सराफाचा बट्टा. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, तो याच पेढीवरचा. बंगालमध्ये तर रुपया केवळ जुना झाला म्हणून दुसऱ्या वर्षी शेकडा तीन आणि नंतर शेकडा पाच कापून घेतला जाई, मग तो झिजलेला असो वा नसो. कंपनीने यावर युक्ती काढली: रुपयावरचे जुलूसवर्षच गोठवून टाकले. कितीही वर्षे गेली तरी बंगालच्या रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष आणि मुंबईत पडणाऱ्या सुरती रुपयावर ४६ वे वर्ष. साल कळेना, तेव्हा वयावरून बट्टा कापणार कसा? खोट्या तारखेने खरी सुधारणा करण्याचे हे उदाहरण प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना सांगण्यासारखे आहे, अर्थात अनुकरणासाठी नव्हे.

मग १८३५ चा सतरावा कायदा आला. १ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या साऱ्या मुलखात एकच रुपया: वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, चांदी बारा भागांत अकरा. एका बाजूला चौथ्या विल्यमचे मस्तक, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत कंपनीचे नाव आणि त्याखाली ‘यक रुपिया’ एवढीच फारसी शिल्लक. यंत्रावर पडलेला, काठाला रेघा असलेला हा रुपया म्हणजे आपला ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र. सराफाचे राज्य संपले. बादशहा लाल किल्ल्यात आणखी बावीस वर्षे होता, पण नाण्यावरून तो त्या दिवशी पदच्युत झाला.

यापुढचे रुपये वाचणे सोपे, तरी फसगतीच्या जागा आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या पहिल्या रुपयावर १८४० हे साल आहे आणि तेच साल १८६२ पर्यंत छापले गेले. अक्षरे मस्तकावरून सलग गेली असतील तर ठसा आधीचा, मस्तकाने दुभंगली असतील तर नंतरचा. पुढे १८६२ हे सालही १८७४ पर्यंत तसेच ठेवले. मुंबई टाकसाळीने मात्र सालाखाली बारीक ठिपके देऊन खरे वर्ष सुचविले. १८७७ पासून ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आले. पंचम जॉर्जच्या रुपयांवर खालच्या फुलापाशी उठावाचा ठिपका असेल तर टाकसाळ मुंबईची, काहीच नसेल तर कलकत्त्याची.

१८९३ मध्ये रुपयाचा स्वभावच बदलला. चांदीचा भाव जगभर घसरत होता, लंडनला पाठवायच्या ‘होम चार्जेस’चा बोजा त्यामुळे वाढत होता, म्हणून सरकारने चांदी आणून रुपये पाडून घेण्याचा लोकांचा हक्क बंद केला. तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातल्या चांदीहून अधिक झाली आणि ती सरकार ठरवू लागले. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात या व्यवस्थेची जी चिरफाड केली, ती आजही वाचावी अशी आहे. ‘एम्प्रेस’ छापाचे १८९२ आणि १९०० चे दोन रुपये शेजारी ठेवले तर वजन, चांदी, चेहरा सारे तेच. पण पहिला धातू आहे आणि दुसरा वचन. पहिल्या महायुद्धात उलटे झाले. चांदी इतकी चढली की रुपये बाजारातून गुप्त होऊ लागले. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली आणि १९१८ मध्ये अमेरिकेने सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानासाठी चांदी विकली.

दिल्ली दरबाराच्या वर्षीचा, १९११ चा, रुपया संग्राहकांचा लाडका आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना त्यात डुक्कर दिसले. पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त झाला. छोट्या चित्रावरून केवढा मोठा क्षोभ होऊ शकतो, हे सरकार तेव्हा शिकले.

परदेशस्थ वाचकांना आणखी एक सांगावेसे वाटते. मुंबईच्या टाकसाळीचे काम केवळ हिंदुस्थानापुरते नव्हते. हाँगकाँग आणि मलाया भागासाठीचा ब्रिटिश व्यापारी डॉलर १८९५ पासून येथे पडे. ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ दिसतो. १९१८ साली येथे सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले, त्यांवर ‘आय’ हे अक्षर आहे. तेच अक्षर १९४२-४३ च्या ऑस्ट्रेलियन पेनीवर सापडेल. मेलबर्नच्या बाजारात हाती आलेली पेनी मुंबईच्या फोर्टातली निघावी, यात काही वेगळेच समाधान आहे.

नकलींविषयी स्पष्टच लिहितो. राम दरबार किंवा हनुमान असलेले आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे छापलेले १८१८ किंवा १८३९ चे आणे चांदणी चौकापासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र विकले जातात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून १९३८ च्या रुपयाचे साल कोरून बदललेले असते. आकडा भिंगाखाली पाहावा. १८३५ ते १९३९ चा रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे आणि लोहचुंबकाला चिकटता कामा नये. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, तेव्हा त्याची खणखण निराळी. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतोच. आणि कृपया चिंच किंवा रांगोळी लावून नाणे घासू नये; त्यावरचा काळा थर हाच त्याचा दाखला असतो.

खरे संकट नकलीचे नाही, भट्टीचे आहे. प्रत्येक जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच ते परत घेऊन वितळवले. आता चांदीचा भाव चढला की घरोघरचे रुपये सराफाकडे जातात आणि तेथे अंकुशी, सुरती, कलदार असा भेद उरत नाही. विकण्यापूर्वी निदान दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून, वजन आणि ते कोणाकडून आले हे लिहून ठेवावे. जुनी नाणी लाखोंना विकून देतो म्हणणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे.

शेवटी कायदा. शेतात पुरलेली नाणी सापडली आणि किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. हा दहाचा आकडा १८७८ मधला. तो कोणी बदलला नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे. कोट्यवधींनी पडलेला १९०७ चा रुपया आणि दिल्लीचे वेलबुट्टीचे नाणे या दोहोंना एकच दंडक लावणे मला व्यवहार्य वाटत नाही. पण तो आज लागू आहे, आणि दर वर्षी एकेका सालाची नाणी त्याखाली येत जातात. तेव्हा सुट्टीत घरी आलात आणि आईने पेटीतले रुपये ओंजळीत ठेवले, तर ते विमानतळावर नेऊ नका. येथेच भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा, पाकिटावर नाव आणि साल लिहून.