किरण वाढवून फोटो सुधारत नाही

धाटावच्या कारखान्यांमुळे रोहा-वरसे भागात छातीचा एक्स-रे फोटो काढणे ही नेहमीची गोष्ट. तो धूसर आला की एक मत हमखास ऐकू येते : किरण वाढवा, नाहीतर नवे डिजिटल मशीन आणा. या मताला आधार आहे. किरण कमी पडले तर फोटो रवाळ येतो, बारीक डाग त्यात हरवतात. इथवर शास्त्र बरोबर. निष्कर्ष मात्र चुकीचा.

रवाळपणा निम्मा करायचा तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. तेही सोसू. पण धूसरपणा रव्यामुळेच येतो, हे कोणी ठरवले? शरीरात शिरलेले किरण आडवेतिडवे विखुरतात आणि फोटोवर सगळीकडे करडी झाक चढवतात. पोटाच्या फोटोत तर असे भटके किरण सरळ आलेल्यांहून कितीतरी जास्त. मात्रा दुप्पट करा. सरळ किरण दुप्पट, भटकेही दुप्पट. प्रमाण हलले का? तसूभरही नाही.

भटक्यांना अडवण्यासाठी गुस्ताव बकी यांनी १९१३ मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी पुढे आणली. प्रतिपक्ष म्हणेल, जाळी लावली की मात्रा वाढवावीच लागते. मान्य. पण जाळीच्याही आधीचा, बिनखर्चाचा उपाय आहे : झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळणे. त्याने भटके किरण घटतात आणि रुग्णाची मात्राही.

डिजिटलचे म्हणाल, तर फिल्मवर किरण जास्त झाले की फोटो काळाठिक्कर पडे. चूक तिथेच पकडली जाई. डिजिटल यंत्र ती झाकते. चित्र उलट गुळगुळीत दिसते आणि मात्रा नकळत चढत जाते.

आता माणसाकडे पाहा. श्वास अर्धाच घेतला, तर फुप्फुसाचा तळ दाटतो आणि हृदय उगाच मोठे दिसते. पाठीकडच्या दहा बरगड्या मोजता आल्या, तर श्वास पुरेसा. खांदे पुढे वळवले नाहीत, तर फऱ्याची हाडे फुप्फुसावर येतात. गळ्यातला ताईत तसाच राहिला, तर त्यामागचे काहीच दिसत नाही. यातला कोणता दोष किरण वाढवून जातो?

निवाडा वाचकांनी करावा. फक्त पुढच्या वेळी फोटोला उभे राहाल तेव्हा मशीन कोणत्या कंपनीचे हे विचारू नका. श्वास कधी भरायचा आणि कुठवर धरायचा, ते विचारा.