उलटणारे घड्याळ

काटे गोल फिरतात म्हणून घड्याळही गोल, हे आपण गृहीत धरतो. पण मनगटावरच्या घड्याळात चौकोनाने गोलाला एकेकाळी चांगलीच टक्कर दिली होती. पॅरिसच्या लुई कार्तिए यांनी १९०४ साली आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ या वैमानिक मित्रासाठी चौकोनी घड्याळ केले. उड्डाण करताना खिशातले घड्याळ काढायचे तरी कसे, ही त्याची अडचण. मग १९१७ मध्ये रणगाड्याच्या आकारावरून 'टँक' आले. त्याच्या दोन बाजूंच्या पट्ट्या म्हणजे रणगाड्याचे साखळीपट्टे!

मला मात्र जवळचे वाटते ते 'रिव्हर्सो', कारण त्याचे मूळ आपल्या देशात आहे. सेझार द त्रे नावाचे स्विस व्यापारी १९३०-३१ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले होते. पोलो खेळून आलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना घड्याळाची फुटलेली काच दाखवली आणि 'हा खेळ सोसेल असे घड्याळ करून दाखवा' म्हटले, असे सांगतात. ही झाली ऐकीव कथा. कागदावर सापडते ते पेटंट. रने-आल्फ्रे शोवो या अभियंत्याने ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये ते दाखल केले. घड्याळाची डबी खोबणीतून सरकते, पालथी होते आणि काच मनगटाकडे जाते. वर राहते ती कोरी धातूची पाठ. खेळ संपला की पुन्हा उलटायचे. नावही लॅटिन आहे, अर्थ 'मी उलटतो'.

गंमत अशी की काच वाचवण्यासाठी केलेल्या त्या कोऱ्या पाठीवर लोक नावे, मानचिन्हे, मीनाकारीची चित्रे काढून घेऊ लागले. तबकडीच्या वर-खाली तीन-तीन सरळ रेघा असतात. मरीन ड्राइव्हच्या त्या काळातल्या इमारती पाहिलेल्यांना ही आवड ओळखू येईल.

पुढे गोलाने बाजी का मारली? गोल झाकणाला आटे पाडून ते घट्ट फिरवून बसवता येते. चौकोनी झाकण फिरणार कसे? त्यामुळे धूळ-पाणी अडवणे अवघड. दुसऱ्या महायुद्धानंतर रिव्हर्सोची मागणी आटली. १९७२ साली जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात पडून राहिलेल्या सुमारे २०० रिकाम्या डब्या दिसल्या. त्याने त्या सगळ्या उचलल्या, यंत्रे बसवून घेतली आणि महिन्याभरात विकल्या! ज्याला कंपनी अडगळ समजत होती, ते ओळखायला बाहेरचा माणूस लागला. असो.

हे सगळे लिहायचे कारण घरातलेच आहे. आमच्या दिवंगत मेहुण्यांचे चौकोनी स्विस घड्याळ (रिव्हर्सो नव्हे, तेवढी आपली ऐपत कुठली!) आता भाच्याकडे आहे. तबकडी पिवळी पडली आहे, 'सहा'चा आकडा पुसट झाला आहे. लग्नात घालायचे म्हणून तबकडी नवी रंगवून आणि डबीला पॉलिश मारून आणण्याचा त्याचा बेत आहे. मुंबईत अशी रंगवून चकचकीत केलेली जुनी घड्याळे ढिगाने मिळतात. संग्राहक त्यांना थट्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि हातही लावत नाहीत. पॉलिशने चौकोनाच्या कडा झिजतात. आकारासाठीच ज्याची किंमत, त्याच्या कडा गेल्या तर उरले काय? आणि त्या सहाच्या आकड्यावर मेहुण्यांची नजर रोज संध्याकाळी जात असे, ती कुठल्या रंगाने भरून येणार?

तेव्हा बाळा, यंत्र साफ करून तेल घाल, काच बदल, पट्टा नवा घे. तबकडीला हात लावू देऊ नकोस. दिवाळीत मंठ्याला येशील तेव्हा घेऊन ये. जुने घड्याळजी दुरुस्तीची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक सुईने कोरून ठेवत. आपल्या घड्याळात काय निघते, ते भिंग लावून वाचू.