मॅचआधी किती ताणायचं? स्ट्रेचिंगची थोडी जुनी-नवी गोष्ट

मंचरजवळच्या एका गावातला नववीतला मुलगा लंगडत दवाखान्यात आला. शाळेच्या फुटबॉल संघात खेळतो. मॅचच्या आधी सगळ्यांना पाय पसरून बसवलं होतं आणि मागून एक मोठा मुलगा याची पाठ दाबत होता. कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत! "कळ आली म्हणजे बरोबर चाललंय," असं त्याला सांगितलेलं. मॅच सुरू झाल्यावर पहिल्याच जोरदार धावेत मांडीच्या मागे चमक निघाली. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावला होता. तीन आठवडे खेळ बंद म्हटल्यावर पोराचा चेहरा एवढासा झाला.

दुखापत त्या दाबण्यानेच झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण "कळ येईपर्यंत ताण" हा सल्ला आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जत्रांमधले कुस्तीचे आखाडे आठवा. पैलवान लढतीआधी पायाचे अंगठे धरून बसलेला दिसतो का? तो बैठका मारतो, जोर काढतो, जागच्या जागी उड्या मारतो, मांडी थोपटतो. जोर काढताना मांडीमागचा स्नायू, पोटरी, पाठ सगळं ताणलं जातं, पण ताण एका जागी थांबत नाही. कोल्हापुरात तर फुटबॉलच तालमींच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळंच.

थांबून ताणणंही आपल्याकडे होतं, पण वेगळ्या कामासाठी. स्वामी कुवलयानंद तरुणपणी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम शिकले आणि पुढे 1924 मध्ये आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे एक्स-रे आणि मोजमापं घेऊन तपासणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते. आसन सावकाश, झटका न देता, झेपेल तेवढंच करायचं. धावायला सुटण्याआधीची ती तयारी नव्हती. (आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, असं मात्र मी म्हणत नाही. तालमीतही खांदे निखळत होतेच.)

आज मैदानावर दिसणारी पद्धत मुख्यतः बाहेरून आली. 1960 च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट डी व्ह्रीस यांनी झटके देत ताणणं आणि ताणून स्थिर राहणं यांची तुलना केली. लवचिकता दोन्हींनी सारखीच वाढली, म्हणून त्यातली कमी धोक्याची, स्थिर पद्धत पुढे आली. 1975 मध्ये बॉब अँडरसन यांचं 'स्ट्रेचिंग' हे पुस्तक निघालं आणि ती घरोघरी पोचली. 1983 मध्ये स्वीडनच्या यान एकस्ट्रँड यांनी फुटबॉलपटूंच्या दुखापती 75 टक्क्यांनी कमी करून दाखवल्या. पण त्या कार्यक्रमात वॉर्म-अप, नडगीचे पॅड, घोट्याला पट्टी, जुन्या दुखापतीवर नीट उपचार असं बरंच काही होतं. स्ट्रेचिंग त्यातलं एक.

मग शंका सुरू झाल्या. 1998 मध्ये कोक्कोनेन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की भरपूर स्थिर स्ट्रेचिंगनंतर लगेच मोजलं तर पायाची ताकद 7 ते 8 टक्के घटते. 2000 मध्ये ऑस्ट्रेलियात सैन्यातल्या 1538 नव्या जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामाआधी स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या दुखापती काही लक्षणीय कमी झाल्या नव्हत्या.

कळीचं काय? 2007 मध्ये बेम आणि किबेले यांनी खेळाडूंना तीन पातळ्यांवर ताणायला लावलं: दुखू लागेल तिथपर्यंत, त्याच्या पाऊण आणि त्याच्या निम्म्यापर्यंत. नंतर उड्या मोजल्या. तिन्ही पातळ्यांवर उडी कमीच झाली! म्हणजे हलकं ताणलं तरी, एकाच स्नायूवर पुन्हा पुन्हा वेळ घालवला तर उडीचं नुकसान होऊ शकतं. डेन्मार्कच्या मॅग्नुसन यांनी त्याआधीच, 1996 मध्ये, दाखवलं होतं की लवचिकता वाढते त्यात मोठा वाटा ताण सहन करण्याच्या सवयीचा असतो. स्नायू लांब झाला असं समजून आपण उगाच दाबत असतो.

घाबरून स्ट्रेचिंग सोडू नका. 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात एका स्नायूला 60 सेकंदांहून कमी ताणलं तर कामगिरीत घट साधारण 1 टक्का आणि त्याहून जास्त वेळ ताणलं तर साडेचार टक्क्यांच्या आसपास दिसली. तुम्हा-आम्हाला 1 टक्का काहीच नाही.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2006 मध्ये 'फिफा 11 प्लस' हा 20 मिनिटांचा वॉर्म-अप तयार करून घेतला. त्यात हळू धावणं, ताकदीचे व्यायाम, उड्या, तोल सांभाळणं आणि वेगाने धावणं आहे. स्थिर स्ट्रेचिंग नाही. नॉर्वेतल्या 1892 मुलींवर तो तपासला, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

त्या मुलाला मी तेच लिहून दिलं. मॅचआधी धावणं, गुडघे उचलणं, बैठका, हळूहळू वाढवलेला वेग. स्थिर स्ट्रेचिंग संध्याकाळी किंवा खेळानंतर, प्रत्येक स्नायूला साधारण 30 सेकंद, ताण जाणवेल पण चेहरा वाकडा होणार नाही इतपतच. पाठ कुणी दाबायची नाही. आणि मांडीमागे 'टक्' असा आवाज आला, काळंनिळं पडलं किंवा पाय टेकवेना, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.