जुन्नरचा निकितिन आणि मोबाइलमधली पानं

जुन्नरच्या बहमनी काळाबद्दल बोलताना अफनासी निकितिनचं नाव घ्यावंच लागतं. १४७० च्या आसपास हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा परत, वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. तेव्हा मुहम्मद नावाच्या एका खुरासानी माणसाने खानाकडे रदबदली केली. घोडा मिळाला, धर्मही राहिला. आपल्याकडे हा किस्सा अर्धाच सांगतात. कुठला अर्धा, ते सांगणाऱ्यावर.

मला मात्र त्याची दुसरी नोंद जास्त लागते. त्याने घरून पुस्तकं आणली होती. वाटेत अस्त्राखानजवळ लूट झाली, त्यात ती गेली. मग सण कधी, उपास कधी, काहीच कळेना. जुन्नरच्या पावसाचिखलाचं वर्णन करणारा हा माणूस परमुलखात अंदाजाने उपास धरत होता. चांदरातीला छतावर ताटकळणाऱ्यांना ही तगमग समजावून सांगायला नको.

निकितिन घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. व्यापाऱ्यांनी त्याच्या वह्या मॉस्कोला नेल्या, १४७५ च्या नोंदीत तो मजकूर बखरीत उतरवला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार कारामझिनला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात त्याची प्रत सापडली. मूळ वह्या आज नाहीत. नकला आहेत, म्हणून जुन्नरचा तो पावसाळा आहे. त्या मजकुरात मधूनमधून, आणि शेवटी तर सलग, अरबी-फारसी-तुर्की मिसळीतली दुआही आहे. उर्दू शिकवणाऱ्याला त्यातले बरेच शब्द ओळखीचे लागतात.

आज आपण नकला करतो का? बहुतेक जण ब्राउझरमध्ये बुकमार्क करून निर्धास्त होतात. बुकमार्क म्हणजे फक्त पत्ता. मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या घोडेगावात, तालुक्याचं नाव तेवढं आंबेगाव. तसंच हे. याहूने २००९ साली जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली लाखो पानं एका फटक्यात गेली असती. इंटरनेट अर्काइव्ह आणि काही हौशी मंडळींनी त्यातली बरीच वाचवली.

क्रोममध्ये तीन टिंबांवर बोट ठेवलं की वर खाली जाणारा बाण दिसतो. तो दाबला की पान फोनमध्ये उतरतं, नेट नसतानाही उघडतं. व्हिडिओ सहसा येत नाही, आणि लेख दोन-तीन पानांवर असेल तर प्रत्येक पान वेगळं उतरवावं लागतं. पण फोन हरवला की हेही गेलं. म्हणून महत्त्वाचा मजकूर छपाईच्या पर्यायातून पीडीएफ करून कार्डावर ठेवावा, नावात तारीख घालावी, पत्ता कुठेतरी लिहावा. नस्तालिकमधलं उर्दू पान पीडीएफमध्ये दिसतं छान, फक्त त्यात शब्द शोधता येईलच असं नाही.

१८८५ च्या पुणे गॅझेटियरचा जुन्नरवरचा भाग मी असाच ठेवलाय. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या, रेंज नसलेल्या वाड्यांतली पोरं घरी निघाली की त्यांच्या फोनमध्ये ब्लूटूथने टाकतो. त्यातला एकजण परवा विचारत होता, निकितिनचं पण आहे का?