अंतर आणि अंतरे : य. भा. दामले यांचे संज्ञापन-संशोधन

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत मागे पडतात. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव. त्याला हे नाव मिळाले १९४९ साली. अंबरनाथला शके ९८२ मधले शिलाहारांचे शिवमंदिर आहे आणि विसाव्या शतकातले कारखानेही. बदलापूरच्या आसपास कालपरवापर्यंत भातशेती होती. या भागातून रेल्वे जाते आहे ती १८५६ पासून. मुंबईची बातमी या चारही ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी पोहोचू शकते. पण ती कुणाच्या कानावर पडते, कोण ती खरी मानतो आणि कुणाच्या ओसरीवर तिची चर्चा होते, याचे उत्तर वेळापत्रकात सापडत नाही.

हाच प्रश्न पुण्याच्या परिसरातील खेड्यांत जाऊन विचारणारा एक मराठी अभ्यासक होऊन गेला. यशवंत भास्कर दामले हे त्यांचे नाव. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते जातिव्यवस्थेचे अभ्यासक म्हणून ठाऊक असतात. संज्ञापनाचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख मात्र मराठी वाचकाला जवळजवळ नाही. ती करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

दामले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. १९३९ साली पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झालेल्या या संस्थेत भाषा, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र शेजारी शेजारी नांदत होते. समाजशास्त्राच्या दालनात इरावती कर्वे होत्या. पुढे कर्वे आणि दामले यांनी मिळून महाराष्ट्रातील खेड्यांमधल्या गटसंबंधांवर ग्रंथ लिहिला. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. नाते, जात आणि वस्ती या तीन धाग्यांनी गावातली माणसे एकमेकांशी कशी बांधलेली असतात, हा त्याचा विषय. दामल्यांच्या संज्ञापनविचाराचे मूळही याच मातीत आहे. गावातला निरोप गावातल्या नात्यांच्या वाटेने फिरतो, हे ध्यानात ठेवूनच त्यांनी संज्ञापनाकडे पाहिले.

१९५६ साली ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’ या अमेरिकन त्रैमासिकात त्यांचा निबंध आला. भारतीय खेड्यांत आधुनिक कल्पना आणि ज्ञान कसे पसरते, हा त्याचा विषय. त्यासाठी पुण्यापासून कमीअधिक अंतरावर असलेली सात गावे त्यांनी निवडली होती. या निवडीमागचा तर्क सरळ होता. शहर हे नव्या कल्पनांचे उगमस्थान मानले, तर जवळच्या गावाला अधिक कळायला हवे आणि दूरच्या गावाला कमी. रस्ता, मोटार, वर्तमानपत्र, रेडिओ आला की उरलेली कसर भरून निघायला हवी.

दामल्यांचा निष्कर्ष या अपेक्षेपाशी थांबला नाही. शहरापासूनचे अंतर आणि दळणवळणाची साधने एवढ्यावरून हिशेब लागत नाही. माणसापर्यंत काय पोहोचते आणि किती पोहोचते हे मुख्यतः समाजरचना ठरवते, असे त्यांनी मांडले. आज हे वाक्य कुणी सहज मान्य करील. त्या काळात ते प्रवाहाच्या विरुद्ध होते. डॅनियल लर्नर यांचा पारंपरिक समाजाच्या अस्तावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९५८ साली आला, एव्हरेट रॉजर्स यांचा नवकल्पनांच्या प्रसारावरचा १९६२ साली आणि विल्बर श्रॅम यांचा माध्यमे व राष्ट्रविकास यांवरचा १९६४ साली. या सगळ्या विचाराचा सूर आशेचा होता : माध्यमे वाढवा, समाज बदलेल. त्याच रॉजर्सना १९७६ साली विकास-संज्ञापनाची जुनी चौकट मावळत असल्याचे लिहावे लागले, आणि समाजरचनेकडे झालेले दुर्लक्ष हे त्याचे एक कारण होते. पुण्याजवळच्या सात गावांनी ही सूचना वीस वर्षे आधी दिली होती.

त्याच १९५६ साली पुण्यातच आणखी एक प्रयोग झाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ-मंच’ सुरू केले. कल्पना कॅनडातली, तिला पाठबळ युनेस्कोचे. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ यांच्याकडे. हे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेले. त्या छावण्यांतील समाजजीवनावरच त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. मराठी गावातली चर्चा मोजायला असा माणूस आला, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक. त्यांनी आणि नॉयराथ यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली काढला.

नॉयराथ यांनी मंच असलेली गावे आणि मंच नसलेली गावे यांची तुलना केली. मंच नसलेल्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंचाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ फारच थोडी होती. रेडिओ तोच आणि आवाजही तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतर बसून बोलण्याने. म्हणजे वेगळ्या वाटेने नॉयराथही दामल्यांच्या जवळ आले. यंत्र निरोप आणते, पण तो रुजतो माणसांच्या बैठकीत. फरक एवढाच की नॉयराथ यांनी नवी बैठक उभी करून पाहिली, तर दामल्यांचे लक्ष गावात आधीपासून असलेल्या बैठकींवर होते. आणि नव्या बैठकीत कोण बसणार, कोण बोलणार, हे पुन्हा गावाची जुनी रचनाच ठरवणार, हा दामल्यांचा प्रश्न तिथेही उरतोच.

आधीपासून असलेल्या अशाच एका बैठकीचा, हरिकथेचा, दामल्यांनी स्वतंत्र अभ्यास केला. १९६० साली डेक्कन कॉलेजच्या पत्रिकेत ‘हरिकथा : संज्ञापनाचा एक अभ्यास’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी काम हेच. ‘संज्ञापन’ म्हटले की छापखाना आणि प्रक्षेपक डोळ्यांपुढे येण्याच्या काळात त्यांनी बुवांच्या कीर्तनाला त्याच रांगेत बसवले. पूर्वरंगात सिद्धान्त आणि उत्तररंगात आख्यान, ही नारदीय कीर्तनाची मांडणी. श्रोत्यांना ठाऊक असलेली कथा पुन्हा सांगताना तिच्यातून नवे काही सुचवण्याची तिची शक्ती आपल्याकडे राजकारणानेही ओळखली होती. वाईच्या डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तन रुजवले ते याच शक्तीच्या आधारावर. आणि गाडगे महाराजांनी तर कीर्तनाचे प्रश्नोत्तर करून टाकले. महाराज विचारीत, समोरचा समाज उत्तर देई, आणि त्या उत्तरातूनच अंधश्रद्धेवर, कर्जावर, दारूवर घाव बसे. ऐकणाऱ्याला बोलते करणे हेच रेडिओ-मंचाचेही तत्त्व होते. महाराजांचे निधनही १९५६ चेच, डिसेंबरातले. मंच उभारण्यासाठी परदेशी नमुना आणला जात होता, तेव्हा मंच जिवंत ठेवणारा माणूस इथे शेवटचे कीर्तन करीत होता.

दामल्यांचा प्रभाव किती, असे विचारले तर उत्तर दोन भागांत द्यावे लागते. इंग्रजीतल्या अभ्यासग्रंथांत सात गावांचा निबंध दीर्घकाळ उद्धृत होत राहिला आणि हरिकथेवरचा निबंध आजही कीर्तनाच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. जातीतील चढउताराला त्यांनी लावलेला संदर्भगटाचा सिद्धान्तही समाजशास्त्रात टिकला. मराठीत मात्र वृत्तपत्रविद्येचे वर्ग वाढले आणि ‘संज्ञापन’ हा शब्द विभागांच्या पाट्यांवर आला, तरी अभ्यासाचा आरंभ श्रॅम आणि लर्नर यांच्यापासूनच होत राहिला. यात दोष थोडा दामल्यांच्या पिढीचाही आहे. मराठी खेड्यावरचे आणि मराठी कीर्तनावरचे हे काम इंग्रजीत लिहिले गेले आणि विद्वानांच्या पत्रिकेत राहिले. ज्या कीर्तनकारांविषयी ते होते, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याला मिळाली नाही. संज्ञापनाच्या अभ्यासकाच्या वाट्याला हे यावे, हे दुखणारे आहे.

आमच्या या लोहमार्गावर दामल्यांचा प्रश्न आजही घेऊन फिरता येईल. उल्हासनगरच्या सिंधी घरांत भगत या गाण्या-कथनाच्या परंपरेची आणि १९३९ साली मारल्या गेलेल्या भगत कंवरराम यांची आठवण आहे. बदलापूरच्या बाजूच्या गावांत हरिनाम सप्ताह होतात. दोन्हीकडच्या माणसांच्या खिशात आता एकच यंत्र आहे आणि त्यावर येणारा निरोप क्षणात येतो. मैलांचे अंतर संपले आहे. तरी तो निरोप जातो तो भावकीच्या, जातीच्या, सोसायटीच्या गटांतून, आणि एका गटातले दुसऱ्या गटाला कळत नाही. कुणी तरुण अभ्यासकाने कल्याण ते कर्जत अशी सात ठिकाणे निवडावी आणि विचारावे : तुम्हाला हे कुणी सांगितले, आणि तुम्ही ते पुढे कुणाला सांगितले नाही? निष्कर्ष मराठीत लिहावेत, आणि ते या सात ठिकाणी जाऊन वाचून दाखवावेत.